पोस्टग्रेस कनेक्शन: दर वेळी नवं, अ‍ॅपमधला पूल, की पीजीबाउन्सर?

पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणी (कनेक्शन) दर वेळी नवी उघडावी, उघडलेल्या जोडण्या पूलमध्ये राखून पुन्हा वापराव्यात, की मध्ये पीजीबाउन्सर हा पूल सांभाळणारा वेगळा प्रोग्राम बसवावा, हा इथला प्रश्न. आधी एक गोंधळ निस्तरू. एसक्यूएलअल्केमी (पायथन) किंवा हायबरनेट (जावा) या डेटाबेस लायब्ररींमधलं ‘सेशन’ उघडणं जवळजवळ फुकट आहे. ती मेमरीतली एक वस्तू. पहिली क्वेरी जाईपर्यंत सहसा ती डेटाबेसकडे फिरकतही नाही. हायबरनेटमध्ये महाग असते ती सेशन बनवणारी सेशन फॅक्टरी, पण ती अ‍ॅप सुरू होताना एकदाच बनते. ‘दर रिक्वेस्टला नवं सेशन उघडलं तर स्लो होईल का?’ याचं उत्तर त्यामुळे ‘नाही’ असंच. खरा खर्च त्या सेशनखालच्या कनेक्शनचा आहे.

पोस्टग्रेसमध्ये तो दोन ठिकाणी लागतो. पहिला नेटवर्कवर. टीसीपी जोडणीची एक फेरी (संदेश जाऊन उत्तर परत येणं), टीएलएस (एन्क्रिप्शन) हवंय हे विचारण्याची एक, टीएलएस १.३ ची एक आणि स्क्रॅम पद्धतीनं पासवर्ड तपासायच्या तीन, अशा सहा फेऱ्या झाल्यावर पहिली क्वेरी निघते. अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये असतील आणि एका फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल, तर हे ६ मिलिसेकंद, चालून जातं. पण अ‍ॅप मुंबईत, डेटाबेस सिंगापूरला आणि फेरी समजा ६० मिलिसेकंदांची, तर एकही ओळ न वाचता ३६० मिलिसेकंद गेले.

दुसरा खर्च सर्व्हरवर. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस फोर्क करतं, म्हणजे नवी सुरू करतं. नव्या प्रोसेसचा कॅटलॉग कॅश (टेबलांची माहिती जवळ ठेवणारा) रिकामा असतो, त्यामुळे पहिल्या काही क्वेऱ्याही जरा जड जातात. मायएसक्यूएल इथे थ्रेड वापरतं आणि संपलेले थ्रेड पुन्हा वापरायला ठेवतं, म्हणून तिथे हा भाग बराच हलका असतो. बाकी हा लेख पोस्टग्रेसपुरताच.

तुमच्या यंत्रणेवरचा आकडा काढायला पोस्टग्रेससोबत येणारं पीजीबेंच हे चाचणीचं टूल पुरतं. फक्त वाचनाची चाचणी एकदा साधी चालवा आणि एकदा मोठ्या ‘सी’चा पर्याय (-C) लावून, त्यात दर व्यवहाराला (ट्रान्झॅक्शनला) नवं कनेक्शन उघडतं. दोन्हींतला फरक म्हणजेच तुमचं बिल.

दर वेळी नवं कनेक्शन

जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कचं डीफॉल्ट हेच आहे: कनेक्शनचं कमाल वय शून्य, म्हणजे रिक्वेस्ट संपली की कनेक्शन बंद. रात्रीचे जॉब, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं), ऑफिसातल्या मोजक्या लोकांचं अ‍ॅडमिन पॅनल यांना हे उत्तम. शिळं कनेक्शन नाही, गळती नाही, डोक्याला ताप नाही. गर्दीच्या एपीआयला मात्र हे परवडत नाही. ट्रॅफिक अचानक वाढलं की नेमक्या त्याच क्षणी सर्व्हरवर फोर्क आणि पासवर्ड तपासणीचा भार पडतो.

अ‍ॅपमधला पूल

बहुतेकांनी इथेच थांबावं. जावात हिकारीसीपी, स्प्रिंग बूट २ पासून तोच डीफॉल्ट, पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमीचा पूल, जँगोतही ५.१ पासून पोस्टग्रेससाठी स्वतःची सोय आली आहे. सहा फेऱ्यांचा खर्च एकदाच होतो, नंतर कनेक्शन हातोहात मिळतं.

आकार किती ठेवायचा, यावर लोक उगाच अडतात. सेकंदाला २०० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीनं कनेक्शन २० मिलिसेकंद धरलं, तर सरासरी ४ कनेक्शन गुंतलेली असतात. हिकारीचं डीफॉल्ट १० त्याला पुरून उरतं. आता त्याच ट्रान्झॅक्शनच्या मध्यात कुणी पेमेंट गेटवेला ८०० मिलिसेकंदांचा कॉल घुसडला, की हाच आकडा १६४ वर जातो. पूल अपुरा पडतोय अशी ओरड झाली की आधी हे शोधा. पोस्टग्रेसच्या अ‍ॅक्टिव्हिटी व्ह्यूमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम थांबलेलं) अशी रांग दिसली, तर पूल वाढवून काहीच सुधारणार नाही.

या पर्यायाची खरी मर्यादा गुणाकाराची आहे. पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. ४ मशीन, प्रत्येकी ४ वर्कर आणि एसक्यूएलअल्केमीचं डीफॉल्ट ५ अधिक जादा १०: कमाल २४० कनेक्शन. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. डिप्लॉयच्या वेळी जुनी आणि नवी प्रोसेस थोडा वेळ एकत्र चालतात, तो हिशेब वेगळाच.

शिळी कनेक्शनही सांभाळावी लागतात. एडब्ल्यूएसचं नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून बाहेर जायची वाट) ३५० सेकंद शांत राहिलेली जोडणी तोडतं आणि पूलला त्याचा पत्ता नसतो. वापरण्याआधी पिंग करायचा पर्याय चालू ठेवा. त्यासाठी एक फेरी जाते, ती जाऊ द्या.

पीजीबाउन्सर

प्रोसेसचा गुणाकार हाताबाहेर गेला, की मध्ये हा बसवायचा. पण नुसता बसवून भागत नाही. त्याचा डीफॉल्ट मोड ‘सेशन’ आहे (वरचं लायब्ररीतलं सेशन नव्हे): क्लायंट जोडलेला असेपर्यंत सर्व्हरचं कनेक्शन त्याच्याच नावावर. तुमच्या अ‍ॅपमधला पूल कनेक्शन तासन्‌तास धरून बसत असेल, तर मध्ये एक थर वाढला आणि वाचलं काहीच नाही. फायदा ‘ट्रान्झॅक्शन’ मोडमध्ये आहे, त्यात सर्व्हरचं कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं. शेकडो क्लायंट मग २० कनेक्शनवरही चालू शकतात.

त्या मोडची किंमत मोजावी लागते. सेशनभरासाठी केलेलं ‘सेट’ (सेटिंगचा बदल), लिसन-नोटिफाय (डेटाबेसमार्फत सूचना ऐकणं-पाठवणं), सेशन पातळीवरचे अ‍ॅडव्हायझरी लॉक (कोडनं स्वतःच्या सोयीसाठी घेतलेली कुलपं), ट्रान्झॅक्शननंतरही टिकायला हवीत अशी तात्पुरती टेबलं, यांवर भरवसा उरत नाही. प्रीपेअर्ड स्टेटमेंटची (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेऱ्यांची) जुनी अडचण २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून बऱ्याच अंशी सुटली आहे. त्याआधीचे सल्ले वाचताना तारीख बघा. शिवाय पीजीबाउन्सर एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे फार मोठ्या भाराला एकाहून जास्त प्रती चालवाव्या लागतात.

एडब्ल्यूएसच्या लॅम्डासारख्या सर्व्हरलेसवर (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणाऱ्या सेवेवर) असाल, तर मधली पायरी, म्हणजे आतला पूल, जवळपास बाद होते. तिथे एक प्रत सहसा एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळते, मग आतल्या पूलला वाटून घ्यायला कुणी नसतंच. थेट पीजीबाउन्सर किंवा एडब्ल्यूएसची तशीच सेवा आरडीएस प्रॉक्सी बघा.

आणि पीजीबाउन्सर घेतलात, तरी मायग्रेशन त्याच्या ६४३२ पोर्टवरून चालवू नका. अनेक मायग्रेशन टूल सेशन पातळीचा लॉक घेतात. त्यांना थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ वर पाठवा.