इंडियात गाडी चालवलेल्यांसाठी शिकागो सबर्ब्समधला ड्रायव्हिंग क्लास: ४ स्टार

आधीच सांगते, ज्यांना स्टिअरिंगच धरता येत नाही त्यांच्यासाठी हा क्लास नाहीये. आपल्याकडे वर्षानुवर्षं गाडी चालवलीये, इथलं लायसन्सपण काढून झालंय (लेखीला ३५ पैकी २८ बरोबर आले की पास, रूल्स ऑफ द रोडचं पुस्तक फुकट मिळतं, त्यात काही दम नाही) पण सिग्नल लाल असताना उजवीकडे वळायचंय आणि मागच्याने हॉर्न दिला की हातपाय गळतात, अशा लोकांसाठी आहे. नाव हवं असेल तर मेसेज करा, इथे टाकत नाही कारण खाली थोडं वाईटही लिहिलंय.

दोन तासांचे १६० डॉलर. महाग आहे, हो. पहिला अर्धा तास पार्किंग लॉटमध्ये गोल गोल फिरवतात तो निव्वळ टाइमपास, तुम्ही आधीच सांगून टाका की हे नको, ऐकतात. शिकवणारे एक वयस्कर पोलिश गृहस्थ आहेत, मी सवयीने सर सर करत होते, त्यांना गंमत वाटत होती. बोलतात भरपूर, पण एकही गोष्ट कारण दिल्याशिवाय सांगत नाहीत.

खरा क्लास सुरू होतो तो राइट ऑन रेडपासून, म्हणजे लाल सिग्नलला उजवीकडे वळण्यापासून. आपल्या डोक्यात फ्री लेफ्ट इतकं मुरलेलं असतं ना, की पाटी असो नसो, डावीकडे वळणाऱ्याला सिग्नल लागूच नाही असं आपण धरून चालतो, आणि इथे आल्यावर तेच उजवीकडे लावतो. इथे तसं नाही. लाल म्हणजे आधी पूर्ण थांबायचं, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, मग चालणारे लोक, मग डावीकडून येणाऱ्या गाड्या, आणि सगळं रिकामं असेल तरच वळायचं, तेही ‘नो टर्न ऑन रेड’ची पाटी नसेल तर. शिकागो डाउनटाउनमध्ये ही पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते, कधी कधी फक्त ठरावीक वेळेपुरती, आणि ती सिग्नलच्या खांबावर अशी बसवलेली असते की समोर बघणाऱ्याला दिसतच नाही. आणि हो, वळायला परवानगी आहे म्हणजे वळलंच पाहिजे असं नाही. मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. हे एक वाक्य ऐकूनच माझे अर्धे पैसे वसूल झाले.

पूर्ण थांबणं म्हणजे काय, हे त्यांनी जसं दाखवलं तसं मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, आणि गाडी खरंच थांबली की ते परत वर येतं, पाठीला सीटचा हलका धक्का बसतो. तो धक्का बसला तर थांबलात, नाही बसला तर तुम्ही सरकताय. स्पीडोमीटरकडे बघायचं नाही, पाठीकडे लक्ष द्यायचं. मग रेषेवरून दिसत नसेल तर हळूच पुढे जाऊन परत थांबायचं.

त्यानंतर त्यांनी, लाल सिग्नल तोडणाऱ्यांचा फोटो काढणारा कॅमेरा असलेल्या एका चौकातल्या गॅस स्टेशनच्या कोपऱ्यात गाडी लावायला लावली आणि आम्ही नुसते बघत बसलो. मला वाटलं चला, माझे डॉलर जळतायत. पण बघण्यासारखं होतं. उजवीकडे वळणाऱ्या प्रत्येकाची मान डावीकडे, ट्रॅफिकमध्ये फट शोधतायत, आणि उजव्या फुटपाथवर स्कूटर घेतलेला एक पोरगा वॉक साइन लागूनही उभाच, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. एक पांढरी एसयूव्ही न थांबता सरकत वळली आणि वर फ्लॅश पडला. सर म्हणाले, हंड्रेड डॉलर्स.

तर कॅमेऱ्याचं गणित असं. दंड १०० डॉलर, वेळेत भरला नाही तर अजून १०० वाढतात. पत्र गाडी ज्याच्या नावावर त्याच्या घरी येतं, चालवत कोणीही असो, म्हणजे मित्राची गाडी घेऊन गेलात तर आधी मित्राचा फोन येणार. लायसन्सच्या रेकॉर्डवर ते जात नाही, पण पोलिसाने स्वतः पकडलं तर जातं, हा फरक लक्षात ठेवा. पत्रासोबत फोटो असतात आणि व्हिडिओ ऑनलाइन बघता येतो, तो बघितल्याशिवाय पैसे भरू नका, कारण रेषेच्या पुढे जाऊन का होईना पण चौकात न घुसता पूर्ण थांबला असाल आणि समोर चालणारे किंवा सायकलवाले कुणी नसतील तर इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे कॅमेऱ्याचं तिकीट देता येत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि फ्लॅश पडला म्हणजे तिकीट आलंच असंही नाही, आधी फुटेज तपासतात.

कॅमेऱ्यांवर सरांचा फार राग, तिथे वीसेक मिनिटं गेली. शिकागोत हे कॅमेरे २००३ पासून आहेत, त्याच्या कंत्राटात सिटीच्या एका अधिकाऱ्याने कंपनीकडून लाच खाल्ली, २०१६ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये, सिग्नल लाल झाल्यावर तिकीट लागायच्या आधी जी क्षणभराची सूट मिळते ती ०.१ सेकंदाची ०.३ केली. आणि आमच्या शॉमबर्ग सबर्बचा वूडफील्ड मॉलजवळचा कॅमेरा तर लोकांच्या ओरड्यानंतर २००९ मध्येच बंद पडला, बहुतेक तिकिटं राइट ऑन रेडचीच होती म्हणे. राग समजतो, पण मला विचाराल तर तो स्कूटरवाला पोरगा बघितल्यावर माझी सहानुभूती पांढऱ्या एसयूव्हीकडे फारशी जात नाही.

मुळात राइट ऑन रेड देशभर पसरलं ते ७० च्या दशकातल्या तेलटंचाईमुळे, सिग्नलला उभं राहून पेट्रोल जळू नये म्हणून, १९७५ च्या केंद्राच्या कायद्याने राज्यांना तशी अटच घातली. न्यूयॉर्क सिटीत मात्र उलटं, पाटीवर परवानगी असेल तरच वळायचं, तिकडे भावाकडे जाणाऱ्यांनी जपून.

आता एक स्टार का कापला. बुकिंगची वेबसाइट भिकार आहे, स्लॉट दिसतो, पैसे जातात आणि मग फोन येतो की त्या दिवशी गाडी नाहीये. गाडीत सिगरेटचा वास. डाउनटाउनला नेत नाहीत, वेगळे पैसे देते म्हटलं तरी नाही. लेफ्ट टर्नचं फारच वरवर शिकवलं, आणि इथे वन-वेवरून वन-वेवर लाल असताना थांबून डावीकडेही वळता येतं हे मी विचारलं म्हणून कळलं. सकाळी दहाचा स्लॉट घ्या, चारनंतरचा घेतलात तर अर्धा क्लास ट्रॅफिकमध्येच जाईल, आणि पैसे शक्यतो तिथे गेल्यावर कार्डाने द्या.