‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ : एका गाण्याच्या गावात अडकलेली एलपी

अमेरिकन कंट्री (तिथलं ग्रामीण वळणाचं संगीत) गाणारी जीनी सी. रायली म्हटलं की एकच गाणं आठवतं. ते ज्या एलपीवर आहे ती प्लँटेशन रेकॉर्ड्सची १९६८ची ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ अजूनही जुन्या रेकॉर्डांच्या ढिगात सापडते. घ्यावी का? घ्यावी, पण हातात काय पडणार आहे ते माहीत असू द्या.

आधी ते गाणं. लिहिलं टॉम टी. हॉलने. शाळकरी मुलीची विधवा आई तोकडे स्कर्ट घालते, पुरुषांबरोबर हिंडते, म्हणून शाळेचा पालक-शिक्षक संघ (म्हणजेच पी.टी.ए.) तिला चिठ्ठी पाठवतो. बाई मिनीस्कर्टमध्येच थेट सभेत जाते आणि एकेकाचं नाव घेऊन हिशेब मांडते : कोण बारमध्ये जास्त वेळ बसला, कुणाच्या तोंडाला जिनचा वास येतोय, कुणाच्या सेक्रेटरीला गाव का सोडावं लागलं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, याचं इतकं नेमकं गाणं दुसरं शोधावं लागेल. धृपद नाहीच. कडव्यामागून कडवं, आणि गाणारी ही त्याच बाईची मुलगी आहे हे पक्कं होतं अगदी शेवटच्या ओळीत. रायली ते गोड करून गात नाही, ठसक्यात सुनावते. ओळ संपली की जेरी केनेडीचा डोब्रो (पोटात धातूची तबकडी बसवलेली गिटार) मागून टोमणा मारतो. अर्धी मजा त्या डोब्रोची आहे.

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या हॉट १०० या पॉप यादीत हे गाणं एका आठवड्यात ८१वरून थेट ७वर आलं आणि सप्टेंबर १९६८मध्ये पहिलं झालं. कंट्रीच्या यादीतही पहिलं. एकाच गाण्याने दोन्हीकडे अव्वल येणारी ती पहिली गायिका; पुढची डॉली पार्टन, तीही १९८१मध्ये. ग्रॅमी मिळालं ते वेगळंच.

आता एलपीची अडचण. निर्माता शेल्बी सिंगलटनने तेच गाव पुन्हा पुन्हा विकलं. ‘विडो जोन्स’, ‘मिस्टर हार्पर’, ‘सिपिन शर्ली थॉम्प्सन’ : गाण्यात एकेका ओळीत येऊन गेलेली माणसं इथे अख्खं गाणं अडवून बसतात. जे एका ओळीत झोंबलं, ते तीन मिनिटं ताणल्यावर पातळ होतं. सलग ऐकू नका. दोन-तीन गाण्यांच्या हप्त्यांनी ऐका.

घेताना पहिल्या बाजूचं पहिलं गाणं दुकानातच वाजवून बघा. मागच्या मालकाने सुई तिथेच सगळ्यात जास्त वेळा टेकवलेली असते, त्यामुळे बाकी रेकॉर्ड चकचकीत दिसली तरी नेमकी तीच पट्टी झिजलेली निघते. ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू आले तर ठेवून द्या. ते धुऊन जात नाही. नुसती कुरकुर असेल तर धूळ असू शकते, ती निघते. गाणं एवढंच हवं असेल तर ४५ची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) छोटी तबकडी पुरे. मधल्या मोठ्या भोकासाठी अडॅप्टर मात्र लागेल.

एलपीऐवजी रायलीच्या निवडक गाण्यांचं संकलन घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. एक, मागच्या बारीक अक्षरांत नव्याने ध्वनिमुद्रण केल्याचं लिहिलंय का. लिहिलं असेल तर तो ठसका मिळेलच असं नाही. दोन, वर्षं. १९७१च्या सुमारास ती प्लँटेशन सोडून एमजीएम या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, त्यामुळे प्लँटेशनच्या मालावर बेतलेल्या संकलनात त्यानंतरची गाणी नसतात.

तरी बहुतेकांनी संकलनच घ्यावं, असं आमचं मत. एकाच गाण्याची बाई हा शिक्का पॉप यादीपुरता खरा आहे. तिथे ती पुन्हा पहिल्या ४०त आली नाही. कंट्रीच्या यादीत मात्र ‘द गर्ल मोस्ट लाइकली’, ‘देअर नेव्हर वॉज अ टाइम’, ‘कंट्री गर्ल’, ‘ओ, सिंगर’ आणि ‘गुड इनफ टू बी युवर वाइफ’ अशी आणखी पाच गाणी पहिल्या दहात गेली. मिनीस्कर्ट आणि उंच बुटांचं जे रूप तिला चढवलं गेलं, ते तिला पटत नव्हतं. एमजीएमच्या काळात ते तिने उतरवलं आणि पुढे ती भक्तिगीतांकडे वळली. ‘ओ, सिंगर’ १९७१मध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. संकलनात आधी तेच लावा.