वागाशीचा वर्ग की चहाची बैठक? जपानच्या प्रवासात वेळ कशाला द्यावा

क्योतोत दीड तास मोकळा आहे आणि एकच गोष्ट शिकता येणार आहे. बहुतेकांची गाडी दोन पर्यायांवर येऊन अडते. एक म्हणजे वागाशी, जपानी पारंपरिक मिठाई, स्वतःच्या हाताने करून बघणं. दुसरा चानोयू, ज्याला आपण 'टी सेरेमनी' म्हणतो. गटाने केलं तर दोन्हींना माणशी साधारण ३,००० ते ६,००० येन पडतात (१०० येनचे ६० रुपये धरा). त्यामुळे पैशावरून निवड होत नाही.

आमचा कौल आधीच सांगतो. मुक्काम आठवड्या-दोन आठवड्यांचा असेल तर पैसे वागाशीच्या वर्गावर घाला आणि चहा नुसता पाहुणा म्हणून प्या. मुक्काम महिन्याच्या पुढे असेल तर नेमकं उलट करा.

वागाशीच्या वर्गात हाताला काय मिळतं

वर्ग ७५ ते ९० मिनिटांचा असतो. समोर ट्रे येतो. त्यात रंगीत नेरिकिरीचे आणि सारणाचे मोजून ठेवलेले गोळे, घट्ट पिळलेला ओला फडका, कोरीव रेघा ओढायची तिकोनी लाकडी पट्टी आणि कधी एखादी जाड जाळीची चाळणी. तीन-चार नग होतात. एक तिथेच माच्चाबरोबर (हिरव्या चहाची बारीक पूड पाण्यात घुसळून केलेला चहा) खायचा, बाकीचे डब्यातून न्यायचे.

नेरिकिरी म्हणजे पांढऱ्या राजम्याच्या जातीच्या कडधान्याचं गोड पुरण. ते आटवून त्यात साधारण दहावा हिस्सा ग्यूही मळतात. ग्यूही ही चिकट तांदळाच्या पिठाची साखर घालून शिजवलेली उकडच. क्योतोत बऱ्याचदा नेरिकिरीच्या जागी कोनाशी वापरतात: पुरणात गव्हाचं पीठ मिसळून वाफवतात आणि मग मळतात. दिसायला दोन्ही सारखी, पण गहू चालत नसेल त्याने नोंदणी करतानाच विचारलेलं बरं.

खरं शिक्षण आहे ते सारण भरण्यात. आवरण २५ ते ३० ग्रॅम, सारण १५ ते २० ग्रॅम. डाव्या तळहातावर आवरणाची चकती करायची, कडा मध्यापेक्षा पातळ. मध्ये सारणाचा गोळा ठेवायचा. उजव्या हाताच्या बोटांनी तो हलकेच दाबत डाव्या हातात गोळा फिरवत राहायचं. आवरण हळूहळू वर चढतं आणि शेवटी तोंड चिमटून बंद होतं. उकडीचे मोदक वळणाऱ्या हाताला हे पटकन जमेल असं वाटतं, पण तीच सवय आड येते. मोदकाची पारी आपण आधी खोलगट करतो आणि कळ्या पाडून तोंड जवळ आणतो. इथे कळी पडली तर ती चीर म्हणून दिसते. सगळा पृष्ठभाग सलग, गुळगुळीत हवा.

चुका ठरलेल्या आहेत. गोळा उघडा राहिला की मिनिटा-दोन मिनिटांत वरची साय सुकते आणि वळताना तडे जातात, म्हणून ज्यावर काम चालू नाही ते फडक्याखाली ठेवायचं. तडे दिसले की नवशिका हात ओले करतो. मग रंग पसरतो आणि बोटांचे ठसे उठतात. बोटं फडक्यावर टेकवण्याइतकाच ओलावा पुरतो. सारण एका बाजूला सरकलं तर पातळ बाजूने लाल पुरणाची सावली दिसू लागते, आणि त्यावर पाकळीची रेघ ओढली की आवरण फाटतं. किन्तोन, म्हणजे सारणाच्या गोळ्याला बाहेरून शेवया लावलेला प्रकार, शिकवत असतील तर पीठ चाळणीतून तळहाताने सरळ खाली दाबा. घासलं की शेवया तुटतात. निघालेल्या शेवया बारीक काड्यांनी उचलून सारणाच्या गोळ्याला खालच्या बाजूने लावत वर यायचं. दाबून बसवल्या तर फुलोरा जातो आणि लाडू उरतो.

आता न शिकवलेली गोष्ट. पुरण कसं करायचं ते या वर्गात येत नाही. कडधान्य शिजवणं, गाळणं, आटवणं हे कारागिराचं निम्म्याहून अधिक काम असतं आणि ते तुम्ही पोहोचण्याआधी झालेलं असतं. तुम्ही शेवटचा टप्पा शिकता. पण तो टप्पा हातात राहतो, हे महत्त्वाचं.

नेरिकिरी त्याच दिवशी खायची. फ्रिजमध्ये ग्यूही घट्ट होते. ठेवायचीच असेल तर डबा नीट बंद करा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. भारतापर्यंत न्यायची असेल तर वर्गच दुसरा निवडा: राकुगान. बारीक साखर (उत्तम प्रतीची म्हणजे शिकोकू बेटावरची वासानबोन) आणि तांदळाचं भाजकं पीठ किंचित ओलं करून लाकडी साच्यात दाबतात. पाडव्याच्या गाठींसारखा पाक इथे नसतो, मुठीत दाबली की मूठ धरून राहील इतकीच ओल. जास्त झाली तर साच्याला चिकटते, कमी पडली तर ठोकून काढताना भुगा होतो. सुकलेली वडी कित्येक आठवडे टिकते.

चहाच्या खोलीत काय मिळतं

पर्यटकांसाठीची बैठक ४५ ते ६० मिनिटांची. यजमान तुमच्यासमोर एक वाडगा चहा विधिपूर्वक करतात, मग प्रत्येकाला स्वतःचा वाडगा घुसळायला देतात. पहिला भाग पाहण्याचा, दुसरा गमतीचा.

दुसऱ्या भागाचं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पातळ चहाला, म्हणजे उसुचाला, चाळलेली माच्चा साधारण २ ग्रॅम, बांबूच्या चमच्याने दीड ते दोन चमचे. पाणी ६० ते ७० मिलिलिटर, ८० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी ओतलं की कडवटपणा वर येतो. माच्चा न चाळता घेतली की गुठळ्या राहतात आणि त्या घुसळून मोडत नाहीत. चासेन, म्हणजे चहा घुसळायची बांबूची रवी, आधी कोमट पाण्यात भिजवायची, नाहीतर काड्या तुटतात. ताकासारखं गोल घुसळू नका. मनगट सैल ठेवून वेगाने पुढे-मागे करा आणि टोकं तळाला टेकू देऊ नका. फेस किती हवा हे चहा शिकवणाऱ्या घराण्यावर अवलंबून: उरासेन्के सगळ्या पृष्ठभागावर फेस आणतात, ओमोतेसेन्के थोडी जागा मोकळी सोडतात. ही दोन आणि मुशाकोजीसेन्के अशी तिन्ही घराणी चहाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या वंशातली.

तरीही या बैठकीतून तुम्ही खऱ्या अर्थाने शिकता ते पाहुणेपण. गोड आधी आणि पूर्ण संपवायचं, चहा नंतर. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर घ्यायचा, किंचित मान झुकवायची, घड्याळाच्या दिशेने दोनदा फिरवायचा, म्हणजे पुढची देखणी बाजू ओठांना लागत नाही. शेवटचा घोट आवाज करत ओढला तरी चालतो, तीच संपल्याची खूण. ओठ लागले ती कड बोटांनी पुसायची, बोटं कागदाला पुसायची, वाडगा उलट दिशेने फिरवून पूर्ववत करायचा. मग तो खाली वाकून, कोपरं मांडीजवळ ठेवून न्याहाळायचा. उंच धरून पाहायचा नाही, पडला तर कुणाच्या तरी पिढ्यांचा ठेवा जातो. अंगठ्या आणि घड्याळ याच कारणाने आधी काढून ठेवायचं. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटईच्या, काठांवर पाय द्यायचा नाही. अत्तर लावून जायचं नाही. मोजे पांढरे.

यजमानाचं काम, म्हणजे तेमाए, या तासाभरात येत नाही आणि येईल असं कुणी म्हणत असेल तर सावध राहा. फुकुसा, म्हणजे रेशमी फडका, घडी घालून चहाची डबी पुसणं एवढं एक जमायलाही काही आठवडे लागतात. त्यात मे ते ऑक्टोबर वेगळी शेगडी आणि नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चूल, म्हणून मांडणी आणि हालचाली दोन्ही बदलतात. पूर्ण चाजीला, म्हणजे चहाच्या संपूर्ण औपचारिक मेजवानीला, जेवण, कोळसा रचणं, दाट चहा, पातळ चहा मिळून सुमारे चार तास लागतात. तासाभरात दिसतो तो तिचा शेवटचा तुकडा.

किमोनो, मिठाई आणि चहा 'एकत्र दीड तासात' असं पॅकेज आमच्या मते टाळावं. किमोनो नेसवण्यातच २०–३० मिनिटं जातात, उरलेल्यात ना हात बसतो ना मन.

गुडघे आणि पोट

चहाला सेइझा, म्हणजे जवळजवळ वज्रासनच. जेवणानंतर दहा मिनिटं बसणाऱ्यालाही तातामीवर ४० मिनिटं जड जातात. पाय बधिर झाले असतील तर उठण्याआधी पायाची बोटं जमिनीला टेकवून क्षणभर थांबा, नाहीतर तोल जातो. गुडघे दुखत असतील तर र्‍यूरेई पद्धतीची, टेबल-स्टुलावरची बैठक शोधा. ही सवलत कालची नाही, १८७२च्या क्योतो प्रदर्शनासाठी उरासेन्केच्या अकराव्या प्रमुखांनी, गेन्गेन्साई यांनी, ती बसवली. वागाशीचे वर्ग बहुधा टेबलावरच असतात. लहान मुलं बरोबर असतील तर प्रश्नच मिटला: वागाशी.

शाकाहाऱ्यांना वागाशी बरीच सोयीची. कडधान्य, साखर, तांदूळ, समुद्री शेवाळाचं कान्तेन. पण दोरायाकी, कास्तेला आणि किमिशिगुरे यांत अंडं असतं, आणि काही नव्या पदार्थांत जिलेटिन. जैन मंडळींनी आणखी एक विचारावं: जोयो मांजूत आणि कधीकधी नेरिकिरीतही कंद घालतात, तर जानेवारीतल्या हानाबिरामोचीत गोबो नावाचं मूळ असतं.

गाव कोणतं

वागाशीसाठी क्योतोत निवड सर्वात मोठी. १८०३ पासूनचं कामेया योशिनागा किंवा तोयोकुनी देवळाजवळचं कानशुन्दो यांसारखी जुनी दुकानं स्वतःच वर्ग घेतात. जूनअखेरीस गेलात तर मिनाझुकी, वर लाल कडधान्य पसरलेली पांढरी तिकोनी वडी, दुकानोदुकानी दिसेल. कानाझावा शांत, आणि राकुगान शिकायचं तर तेच. १६२५ पासूनच्या मोरिहाची दुकानाकडे जुन्या साच्यांचा संग्रह आहे आणि तिथे राकुगान करूनही बघता येतं. मात्सुए लांब पडतं. सरदार मात्सुदाइरा फुमाई यांच्यामुळे तिथे चहा आणि मिठाई रोजच्या जगण्यात मुरली आहे, पण केवळ या कामासाठी वाकडी वाट नको.

चहा पाहुणा म्हणून प्यायचा तर उजी हे गाव. क्योतोहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. ब्योदोइन मंदिराजवळ नदीकाठी ताइहोआन हे नगरपालिकेचं चहागृह आहे. साधारण हजार येनमध्ये मोसमाची मिठाई आणि विधिपूर्वक केलेला वाडगा मिळतो. स्वतः करून बघायचं असेल तर आधी नोंदणी लागते. वागाशीचा वर्ग सकाळी क्योतोत आणि दुपारी उजी, ही जोडी एका दिवसात आरामात बसते. आमच्या कौलामागचं गणित हेच.

महिनाभर किंवा जास्त असाल तर

मग वागाशी मागे पडते. तीच तीन फुलं पुन्हा करण्यापलीकडे पर्यटक-वर्ग जात नाहीत, आणि खरं शिक्षण कारखान्यात किंवा शाळेत. तोक्योच्या सेइका शाळेसारखा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जपानी भाषेतला. चहाचं शिक्षण मात्र मुळातच तुकड्यांत, आठवड्याच्या तालमींवर उभं आहे. गुरूकडे महिन्याची फी देऊन जायचं, आधी फुकुसाची घडी, मग वाडगा पुसणं, मग चमचा. चार तालमींतही फरक कळतो. घराणं एकच धरा, दोघांच्या पद्धती मिसळल्या की गुरूला दोन्ही सोडवत बसावं लागतं. भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून ९० दिवसांपर्यंतचा पर्यटक ई-व्हिसा मिळतो. त्याहून जास्त राहून शिकायचं तर 'सांस्कृतिक कार्य' या वर्गातला व्हिसा असतो, आणि उरासेन्केची परदेशी विद्यार्थ्यांसाठी क्योतोत मिदोरिकाई नावाची पूर्णवेळ व्यवस्था आहे.

परत आल्यावर

वर्गात न शिकवलेलं पुरण घरी करता येतं. पांढरा राजमा रात्रभर भिजवा, एक उकळी आली की पहिलं पाणी फेकून द्या, सालं काढून मऊ शिजवा. पुरणयंत्राऐवजी बारीक चाळणीतून गाळा, पाण्यात ढवळून तळाशी बसू द्या, वरचं पाणी ओता, असं दोन-तीनदा. कापडात पिळून जे उरेल त्याच्या साधारण ६० टक्के साखर घालून आटवा. हाताच्या पाठीला लावल्यावर चिकटलं नाही की झालं. ग्यूहीसाठी मात्र मोदकाचं पीठ चालत नाही. त्या तांदळाला तो ताण नसतो, मोजून साखर घातली तरी वडी मोडतेच. चिकट तांदळाचंच पीठ हवं, आसामच्या बोरा तांदळाच्या जातीचं.

चहासाठी एक चासेन आणि चाळणी पुरते, वाडगा घरातला कुठलाही रुंद तळाचा. माच्चा तिथून आणणार असाल तर लहान डबा घ्या, उघडल्यावर रंग आणि वास झपाट्याने उतरतो. २०२४च्या शरद ऋतूपासून इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन यांसारख्या मोठ्या दुकानांनी तुटवड्यामुळे विक्रीवर मर्यादा घातल्या. खरेदी शेवटच्या दिवसावर ढकलू नका.