सेटिंग कुणाची: यंत्राची, जागेची की मालाची?

अंबडला गोडाऊन, पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊस आणि रस्त्यावर वीसेक गाड्या. एवढ्या पसाऱ्यातले स्कॅनर, लेबल प्रिंटर, गाड्यांचे ट्रॅकर आणि सेन्सर सांभाळणारी नवी प्रणाली घ्यायला निघालात की विक्रेता हमखास सांगतो, "प्रत्येक डिव्हाइसची सेटिंग वेगळी ठेवता येते." ठेवता येते हे खरं. ती ठेवावी का, हे मात्र आपण ठरवायचं. वाटा तीन आहेत: सगळ्यांना एकच, गटानुसार, किंवा एकेका यंत्राला स्वतंत्र.

सगळ्यांना एकच सेटिंग ही सर्व्हरचा पत्ता, स्क्रीन लॉक, ॲपची आवृत्ती यांसाठी उत्तम. त्यापुढे ती लगेच अपुरी पडते. 'दहा मिनिटं सिग्नल नाही तर अलार्म' हा नियम शहरात फिरणाऱ्या टेम्पोला बरोबर आहे, पण मुंबईला निघालेली गाडी कसाऱ्याच्या घाटात शिरली, रेंज गेली की तोच नियम रात्रभर फोन वाजवत राहतो. चार रात्रींनंतर माणूस अलार्म बघायचंच सोडतो, आणि माझ्या मते हा तोटा सगळ्यात मोठा.

स्वतंत्र सेटिंग खरोखर लागते ती लेबल प्रिंटरला. एक प्रिंटर २०३ डीपीआयचा (म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणारा), शेजारचा ३०० चा. पहिल्यासाठी बनवलेलं लेबल दुसऱ्यावर छापलं तर साधारण दोन-तृतीयांश आकाराचं निघतं. आमच्याकडे ऐन द्राक्षांच्या हंगामात, रात्री दोन वाजता, असंच झालं होतं. बारकोड वाचला जाईना, पेट्या थंड खोलीबाहेर थांबल्या आणि हमाल हात बांधून उभे. शिवाय प्रिंटहेड, म्हणजे प्रिंटरचा छापणारा भाग, जसजसं झिजतं तसा छपाईचा गडदपणाही त्या त्या प्रिंटरवर वाढवावा लागतो. इथे गट करून भागत नाही.

स्कॅनर मात्र गटातच शोभतात. कोल्ड स्टोरेजमधल्यांना हातमोज्यांसह चालणारा टच, डिस्पॅचच्या गोंगाटात मोठा बीप. अँड्रॉइडवरचे स्कॅनर असतील आणि एमडीएम (सगळी यंत्रं दुरून एकाच जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर हे गटाला एकदाच लावता येतं. एमडीएमचा खर्च नको असेल तर झेब्रा कंपनीच्या स्कॅनरसाठी तिच्याच स्टेजनाऊ या सॉफ्टवेअरने सेटिंगचा बारकोड तयार करून भिंतीवर चिकटवा. नवा स्कॅनर आला की तो बारकोड स्कॅन करायचा, बस. दहा-बारा स्कॅनरपर्यंत मला हीच सोय जास्त भरवशाची वाटते.

जीपीएससाठी सर्वांत चांगली रचना मला ट्रॅकार या मुक्त स्रोत प्रणालीत दिसली. वेगमर्यादा आधी त्या डिव्हाइसवर शोधली जाते, तिथे नसेल तर गटात, तिथेही नसेल तर सर्व्हरवर. म्हणजे अपवाद तेवढेच लिहायचे, बाकी सगळं वरून येतं. दुसरी कुठलीही प्रणाली बघताना हा क्रम आहे का, ते जरूर विचारा.

तापमानाच्या मर्यादेपाशी तिन्ही वाटा चुकतात. जानेवारी ते एप्रिल गाडीत निर्यातीची द्राक्षं असतात, ० ते १ अंश सेल्सिअसला. पुढे त्याच गाडीत डाळिंब भरलं तर पाच अंशांखाली त्याला थंडीचा अपाय होतो. म्हणजे द्राक्षांची मर्यादा सेन्सरवर तशीच राहिली तर डाळिंब खराब होत असताना पडद्यावर सगळं हिरवं दिसणार! ही सेटिंग यंत्राची नाहीच, ती मालाची आहे. ट्रिप बनवताना मालावरून आपोआप आली पाहिजे. एवढी एक गोष्ट नसेल तर रीफर, म्हणजे शीतगृह असलेल्या, गाड्यांसाठी मी ती प्रणाली घेणार नाही, बाकी कितीही सोयी असोत.

सगळीच यंत्रं स्वतंत्र ठेवणाऱ्यांना फटका बसतो तो यंत्र बदलताना. ट्रॅकर जळाला, नवा बसवला, आणि जुन्या सिरीयल नंबरला बांधलेली सगळी सेटिंग त्याच्याबरोबर गेली. ती गाडीच्या किंवा यंत्र जिथे वापरतात त्या टेबलाच्या नावावर असेल तर नवं यंत्र जोडताच परत मिळते.

म्हणून पाच-सहा यंत्रं असतील तर हाताने स्वतंत्र सेटिंग करा, फक्त वहीत नोंद ठेवा. त्याहून जास्त असतील तर गट करा, आणि प्रत्येक अपवादापुढे कारण, तारीख व करणाऱ्याचं नाव लिहायची जागा प्रणालीत आहे का ते बघा. डेमोच्या वेळी विक्रेत्याला एक ट्रॅकर काढून दुसरा लावायला सांगा, आणि गाडीची वेगमर्यादा तशीच राहिली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.