घरी येऊन होणारी पुरुषांची हार्मोन तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमध्ये घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका सेवेकडून मी गेले काही महिने टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जोडीच्या तपासण्या करून घेतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुणाची जाहिरात करायची नाही आणि कुणाला झोडपायचंही नाही, पण या वाटेने जाणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय. आधी निकाल सांगून टाकतो: रक्त घेण्याचं काम उत्तम झालं. रिपोर्ट आल्यावर कंपनीने फोनवर जो सल्ला दिला, तो मात्र कुणीही मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वय बेचाळीस. अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्युटी. वर्षभर अंगात जीव नसल्यासारखं वाटत होतं, चिडचिड वाढली होती, बायकोजवळ जायची इच्छाच होत नव्हती आणि सकाळी उठताना येणारी ताठरता जवळजवळ बंद झाली होती. शेवटच्या दोन गोष्टी चारचौघांत लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो, कारण खरं महत्त्व त्यांनाच आहे. थकवा आणि चिडचिड तर थायरॉइडनेही येते, साखरेनेही येते, नुसत्या अपुऱ्या झोपेनेही येते. युरोपात ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं ही तीन लक्षणं आणि त्यासोबत रक्तातली कमी पातळी, असं सगळं एकत्र धरल्यावर वयानुसार येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेच्या निकषात बसले ते फक्त २.१ टक्के. मोबाइलवर दर दोन मिनिटांनी ‘चाळिशीनंतर थकवा? टेस्टोस्टेरॉन तपासा’ अशी जाहिरात येते तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्यावा.

घरीच का करून घेतली? सिडकोत राहतो. कुठल्याही लॅबमध्ये गेलो तरी कुणीतरी ओळखीचं भेटतंच, आणि काउंटरवर ‘कोणती टेस्ट करायची?’ हे मोठ्याने विचारतात. माझ्यासारखे बरेच जण तेवढ्यावरूनच माघारी फिरतात. घरी हा प्रश्न येत नाही. सेवेचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आणि तो लहान नाही.

सॅम्पल घ्यायला आलेला मुलगा सव्वासातला दारात होता. आधी नाव आणि जन्मतारीख माझ्या तोंडून वदवून घेतली, मग विचारलं, “दादा, रात्री किती वाजता जेवलात? सकाळपासून चहा झालाय का?” दंडाला पट्टा बांधून शीर चाचपली, सुई आणि नळीचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. पिवळ्या झाकणाची नळी भरल्यावर ती न हलवता, मनगट वळवून चार-पाच वेळा हळूच उलटीसुलटी केली, बारकोड तिथेच चिकटवला आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. “लगेच बर्फात टाकत नाही दादा, आधी रक्त गोठू द्यावं लागतं,” असं तो म्हणाला. सॅम्पल नाशिकमधल्याच त्यांच्या केंद्रात फिरवून सीरम वेगळं करतात आणि मग थंड पेटीतून मुंबईला पाठवतात, हेही त्यानेच सांगितलं. हे विचारून घ्याच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या नळीवर मी भरवसा ठेवणार नाही. परदेशात बोट टोचून कागदावर थेंब टाकायचे आणि कागद पोस्टाने पाठवायचा असे किट मिळतात. आपल्याकडे घरची तपासणी म्हणजे बहुतेक वेळा शिरेतलंच रक्त, म्हणजे लॅबमध्ये जाऊन दिलं असतं तसंच. ही जमेची बाजू.

आता वेळेबद्दल, कारण अर्धा खेळ तिथेच आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं, तरुण माणसात तर दुपारपर्यंत बरंच उतरतं. खाल्ल्यावरही ते तात्पुरतं खाली येतं. म्हणून एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं, आणि पातळी कमी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायची. एका रिपोर्टवर निदान होत नाही. माझ्या ॲपमध्ये याच पॅकेजला दुपारी बाराचा स्लॉटही मोकळा दिसत होता आणि त्यावर सावधगिरीची एक ओळ नव्हती. ही मोठी उणीव आहे. ज्याला माहीत नाही तो ऑफिसच्या सोयीने बारा वाजता रक्त देईल आणि कमी आकडा बघून हाय खाईल.

शिफ्टवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. नाइट संपवून आल्यावर सकाळी आठ वाजता दिलेलं रक्त ‘सकाळचं’ धरता येत नाही. शरीराच्या लेखी ती रात्र असते. डॉक्टरांनी मला फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावरच तपासायला सांगितलं. शिकागोत २०११ मध्ये तरुण, निरोगी मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं होतं. सातपूर-अंबडमध्ये रात्रपाळी करणारे हजारो आहेत, त्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

पहिला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. टोटल टेस्टोस्टेरॉन २७१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, लाल अक्षरात. त्याखाली प्रोलॅक्टिन (बायकांमध्ये दूध आणणारं हार्मोन, पुरुषांतही थोडं असतं) ४१, तेही लाल. पुरुषांमध्ये ते साधारण १५-२० च्या आत असतं. एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) मात्र नॉर्मलमध्ये, खालच्या बाजूला. तासाभरात कंपनीच्या ‘हेल्थ कोच’चा फोन आला. “सर, तुमचं टेस्टोस्टेरॉन खूपच लो आहे. अश्वगंधा, झिंक आणि बायोटिनचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, आज ऑर्डर केलात तर सूट मिळेल.” कोणती औषधं चालू आहेत, हे विचारलं नाही. झोप किती होते, विचारलं नाही. सगळ्यात गंभीर म्हणजे प्रोलॅक्टिनच्या ओळीचा उल्लेखही केला नाही. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काहीही विकता येतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला याचा संताप आला, अजूनही येतो.

बायको म्हणाली, “अहो, एवढे पैसे घातलेत तर आता डॉक्टरांना दाखवून तरी या.” गंगापूर रोडच्या एका हार्मोनतज्ज्ञांची वेळ घेतली. रिसेप्शनवरून फोन आला तेव्हाच सांगितलं गेलं: चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, नावं लिहून आणू नका.

त्या पिशवीतच उत्तर निघालं. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल एका डॉक्टरांनी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे दुकानात मागितली की मिळत गेली. आमच्या कॉलनीत निम्म्या घरांत हीच कॅप्सूल असेल. तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डॉमपेरिडोन असतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन तयार करते आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन तिला आवरून धरतं. डॉमपेरिडोन ही डोपामिनची पकडच सोडवतं, म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन वरून वृषणांना जाणारा आदेश, म्हणजे एलएच, दाबून टाकतं आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं. डॉक्टरांनी एलएचच्या ओळीवर बोट ठेवून समजावलं: वृषणंच थकलेली असती तर एलएच वाढलेलं दिसलं असतं. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच गप्प आहे, म्हणजे गडबड वर शोधायची. लेव्होसल्पिराइड असलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही हेच होतं. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही होतं, मात्र ती औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नयेत.

त्यांनी ती कॅप्सूल बंद केली, ॲसिडिटीसाठी डॉमपेरिडोन नसलेली साधी गोळी दिली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. प्रोलॅक्टिन तरीही वरच राहिलं तर पिट्युटरीचा एमआरआय करावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. पुढच्या तपासणीत प्रोलॅक्टिन १२ आलं, टेस्टोस्टेरॉन ४०२. त्यानंतर वेगळ्या सकाळी ३८८. एमआरआयची वेळ आली नाही. मधल्या काळात माझं वजनही थोडं उतरलं होतं, गोल्फ क्लबला चालायला जात होतो आणि कंपनीत विनंती करून नाइट कमी करून घेतली होती. त्यामुळे कशाने किती फरक पडला याची वाटणी करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सकाळची ताठरता परत आली. थकवा बराच गेला. घरात बोलणं वाढलं.

आकड्यांबद्दल थोडं. बऱ्याच ठिकाणी दिसणारी २६४ ते ९१६ ही रेंज १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांवरून काढलेली आहे. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट ३०० ची रेषा धरतात. प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, म्हणून आकड्यांची तुलना करायची तर दरवेळी एकाच लॅबकडे द्यावं. रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) चिन्ह आहे का आणि रक्त नेणारी कंपनी व प्रत्यक्ष तपासणारी लॅब एकच आहे का, तेही बघा. माझ्या बाबतीत ती दोन वेगळी नावं निघाली.

पॅकेजमधल्या ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’साठी वेगळे पैसे मोजू नका. सरळ किटवर मोजलेला तो आकडा भरवशाचा नसतो, हे तज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत. त्यापेक्षा एसएचबीजी करा. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला आणि अल्ब्युमिनला बांधलेलं असतं, मोकळं फार थोडं. पोट सुटलं असेल किंवा टाइप २ मधुमेह असेल तर एसएचबीजी कमी असतं. मग टोटल आकडा कमी दिसतो, पण मोकळा हिस्सा ठीक असू शकतो. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तिन्हींवरून डॉक्टर हिशोब काढतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांच्या किटमध्ये जास्त डोसचं बायोटिन लुडबुड करतं: टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी दिसू शकतं. आणि मला विकू पाहत होते त्या कोर्समध्ये बायोटिनच होतं! तो घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं असतं तर आकडा कशाने वाढला हे कुणाला कळलं असतं?

जिममध्ये मिळणाऱ्या इंजेक्शनबद्दल कळकळीने लिहितो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू एलएच पाठवणं थांबवतो, आणि वृषणं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू दोन्ही बनवायचं कमी करतात. शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. नवीन लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. मूल होत नाही म्हणून तपासणी करायची असेल तर सुरुवात वीर्यतपासणीने करा, हार्मोनचं पॅकेज तिची जागा घेऊ शकत नाही.

खर्च पॅकेजचा अडीच हजारांच्या आसपास. त्यातल्या निम्म्या ओळी मला लागल्याच नाहीत. हव्या त्या तपासण्या सुट्या घेतल्या तर बऱ्याच स्वस्त पडतात, पण ॲपमध्ये ते पर्याय खूप खाली दडवलेले असतात, शोधावे लागतात. कस्टमर केअरला ‘विक्रीचे फोन नकोत’ असं लेखी कळवल्यावर कोचचे फोन थांबले. रिपोर्ट येतो तो नोंदवलेल्या नंबरवर. घरातल्या मुलांच्या हाती असणारा फोन असेल तर दुसरा नंबर द्या.

घरून रक्त देणं मी चालू ठेवलंय, त्यांचं पॅकेज आणि कोच सोडून दिलेत. पुढची तपासणी डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितली आहे: टोटल टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन, दोन्ही सुट्या, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, सकाळी सातचा स्लॉट.