मूडलमधील गळतीचा इशारा : एका शिक्षण-व्यवस्थापन सुविधेचे परीक्षण

शाळा-महाविद्यालयांचा कारभार चालवण्यासाठी जी सॉफ्टवेअर विकली जातात, त्यांपैकी बहुतेकांच्या माहितीपत्रकात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख असतोच. हजेरी, फी, वेळापत्रक आणि निकाल ही कामे तर ती करतातच, शिवाय कोणता विद्यार्थी मागे पडणार हे आधीच ओळखण्याचा दावाही करतात. हा दावा तपासायचा, तर आतली गणिते उघडून पाहता आली पाहिजेत, आणि बहुतेक कंपन्या ती दाखवत नाहीत. मार्टिन डुगियामास यांनी 2002 साली पहिली आवृत्ती काढलेले, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचे सॉफ्टवेअर मूडल याला अपवाद आहे. त्याचा सगळा कोड खुला आहे, परवाना जीपीएल, म्हणजे कोणालाही वापरण्याची व बदलण्याची मुभा देणारा आहे आणि संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. म्हणूनच त्यातील एक सुविधा मी परीक्षणासाठी निवडली : गळतीचा, म्हणजे अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडण्याचा धोका असलेले विद्यार्थी ओळखणारे मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणारी संगणकीय रचना.

हे मॉडेल 2017 सालच्या 3.4 या आवृत्तीपासून मूडलमध्ये आहे. ते तयार स्थितीत मिळत नाही. संस्थेत पूर्वी शिकवून संपलेल्या अभ्यासक्रमांच्या नोंदींवर ते आधी प्रशिक्षित करावे लागते, आणि त्यासाठी त्या अभ्यासक्रमांना सुरुवातीची व शेवटची तारीख दिलेली असणे गरजेचे असते. ज्या संस्थांनी या तारखांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले आहे, त्यांचे पहिले काही दिवस जुन्या नोंदी दुरुस्त करण्यातच जातील. मात्र संस्थेचे मॉडेल संस्थेच्याच विद्यार्थ्यांवरून शिकते, हा या त्रासाचा मोठा मोबदला आहे.

मॉडेल कशाच्या आधारे अंदाज बांधते, हे या सुविधेतील सर्वात विचारपूर्वक केलेले काम आहे. ते विद्यार्थ्याचे लिंग, वंश, धर्म किंवा कुटुंबाचे उत्पन्न विचारात घेत नाही, तर विद्यार्थी अभ्यासक्रमात काय करतो ते पाहते. प्रत्येक कृतीसाठी दोन मोजमापे असतात. पहिले सहभागाच्या खोलीचे : विद्यार्थ्याने स्वाध्याय नुसता उघडून पाहिला, की काही लिहून सादर केले, की शिक्षकांचा अभिप्राय वाचला, की त्यानंतर काम सुधारून पुन्हा पाठवले. दुसरे संवादाच्या व्याप्तीचे : तो एकटाच वावरतो, की शिक्षकांशी किंवा इतर विद्यार्थ्यांशी त्याची देवाणघेवाण होते. शिकण्यातली कोणती वागणूक महत्त्वाची, याविषयीची एक शैक्षणिक भूमिका या रचनेमागे आहे, आणि ती उघडपणे मांडलेली आहे. ती पटली नाही, तर तिच्याशी निदान वाद तरी घालता येतो.

इशारा शिक्षकांकडे येतो, तेव्हा धोक्यात असलेल्या विद्यार्थ्यांची यादी दिसते. नावापुढचा तपशील उघडला, की कोणत्या निर्देशकाची, म्हणजे अशा कोणत्या मोजमापाची, किंमत काय आली ते कळते : संवाद शून्य, चर्चेत लेखन नाही, वाचनाच्या नोंदी अत्यल्प. तेथूनच विद्यार्थ्याला संदेश पाठवता येतो, त्याच्या कामाचा अहवाल पाहता येतो, आणि अंदाज चुकला असेल तर तो चुकीचा असल्याची नोंद करता येते. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते. यंत्राचे म्हणणे खोडून काढण्याचा अधिकार शिक्षकाला रोजच्या कामाच्या पडद्यावरच मिळतो, त्यासाठी कोणाला पत्र लिहावे लागत नाही. परंतु तपशिलात निर्देशकांच्या किमती दिसतात, अंतिम अंदाजात कोणत्या निर्देशकाचा वाटा किती होता ते दिसत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने ‘माझेच नाव का?’ असे विचारले, तर शिक्षकाकडे अर्धेच उत्तर असते.

न्याय्यतेचा खरा प्रश्न याहून खोल आहे. या मॉडेलच्या लेखी गळती म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटच्या चौथ्या भागात विद्यार्थ्याची कोणतीही हालचाल नसणे. मोजण्यासाठी ही व्याख्या सोयीची आहे, पण मोजली जाते ती सर्व्हरवरची नोंद. ज्या विद्यार्थ्याने सगळ्या पीडीएफ एकाच दिवशी उतरवून घेतल्या आणि छापून वाचल्या, तो मॉडेलच्या दृष्टीने निष्क्रिय आहे. दोन भावंडे एकाच मोबाइलवर, एकाच्याच खात्यातून अभ्यास करत असतील, तर त्यातील एक फार उत्साही आणि दुसरे गळतीच्या उंबरठ्यावर दिसेल. म्हणजे उत्पन्न विचारले नाही, तरी उत्पन्नाची सावली नोंदींमध्ये पडतेच. संवेदनशील माहितीचे रकाने काढून टाकले की पक्षपात संपला, हा समज या क्षेत्रात सर्वाधिक पसरलेला आणि सर्वाधिक घातक आहे.

या चुका शोधण्याचे साधन मात्र मूडल देत नाही. मॉडेलचे मूल्यमापन करता येते आणि त्यातून अचूकतेचा आकडाही मिळतो, पण तो सर्व विद्यार्थ्यांचा मिळून एकच असतो. समजा, 1000 विद्यार्थ्यांपैकी 900 जणांकडे स्वतःचा संगणक आहे आणि 100 जण इतरांचा मोबाइल वापरतात. पहिल्या गटात 855 अंदाज बरोबर आले आणि दुसऱ्यात 45, तर एकूण अचूकता 90 टक्के भरते. अहवालात हा आकडा पाहून कोणताही प्राचार्य समाधानी होईल, आणि ज्या गटाला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्याच्याबाबत मॉडेल निम्म्याहून अधिक वेळा चुकते, हे कोणालाही कळणार नाही. गटवार तपासणी करायची, तर अंदाज बाहेर काढून फेअरलर्नसारख्या विनामूल्य साधनात ते वेगळे तपासावे लागतात. हे काम एखाद्या संगणक विभागाला जमेल. लहान संस्थेतील एकट्या प्रशासकाकडून ती अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, म्हणून ही तपासणी मूडलच्या गाभ्यातच असायला हवी होती.

गटवार आकडे हाती आले तरी प्रश्न आपोआप सुटत नाही. दोन गटांत गळतीचे मूळ प्रमाणच वेगळे असेल, तर ‘इशाऱ्याचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच असावा’ आणि ‘चुकीच्या इशाऱ्यांचे व निसटलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे असावे’ या अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, हे 2016च्या सुमारास गणिताने सिद्ध झाले आहे. अपवाद फक्त निर्दोष अंदाजाचा. त्यामुळे कोणती चूक अधिक सहन करायची, हे माणसांनीच ठरवावे लागते. इशाऱ्यानंतर शिक्षक आपुलकीने फोन करणार असतील, तर चुकीच्या इशाऱ्याने फारसे बिघडत नाही. त्याच यादीवरून प्रवेश नाकारला जाणार असेल किंवा शिष्यवृत्ती थांबणार असेल, तर एकही चुकीचा इशारा खपवून घेता येणार नाही.

हा केवळ तात्त्विक धोका नाही. 2020 साली इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्यावर ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या अल्गोरिदमने ए-लेव्हलच्या, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाआधीच्या शालेय परीक्षेच्या, श्रेणी ठरवल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे 40 टक्के श्रेणी त्यात खाली आल्या. शाळेचा मागील निकाल हिशेबात धरल्यामुळे कमकुवत शाळेतील हुशार विद्यार्थी खाली ओढला गेला. विषयाला अगदी मोजके विद्यार्थी असतील तेथे मात्र शिक्षकांचाच शब्द धरला गेला, आणि असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त होते. 13 ऑगस्टला लागलेला निकाल 17 ऑगस्टला मागे घ्यावा लागला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या गळती-इशारा प्रणालीविषयी 2023 साली ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने केलेल्या तपासातही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत चुकीचे इशारे गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरेच जास्त असल्याचे दिसले होते. युरोपीय संघाच्या 1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने प्रवेश ठरवणे आणि अध्ययनाचे मूल्यमापन करणे अशा शैक्षणिक वापरांना उच्च जोखमीच्या वर्गात टाकले आहे, आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे. ही कडक भूमिका मला योग्य वाटते.

मूडलमधील एका सोयीबद्दल स्पष्ट हरकत नोंदवायची आहे. एका संस्थेत प्रशिक्षित झालेले मॉडेल दुसऱ्या संस्थेत आयात करता येते. ज्यांच्याकडे जुन्या नोंदी नाहीत, त्यांना याचा मोह होणारच. पण निवासी विद्यापीठात शिकलेले मॉडेल नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्यांच्या संस्थेत आणले, तर आठवड्यातून एकदाच लॉगिन करणारा नेटका विद्यार्थीही त्याला गळणारा वाटेल. आयात केलेले मॉडेल स्थानिक नोंदींवर तपासल्याशिवाय चालू करू नये.

2024 साली आलेल्या 4.5 आवृत्तीत मजकूर तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही जोडता येऊ लागली. ती वापरण्यापूर्वी प्रत्येकाकडून धोरणाला संमती घेतली जाते, ही गोष्ट चांगली आहे. मात्र येथे मजकूर बाहेरच्या कंपनीच्या सेवेकडे जाऊ शकतो, तर गळतीच्या मॉडेलचे काम संस्थेच्या सर्व्हरवरच होऊ शकते. दोन्हींना ‘एआय’ म्हणून एकाच बैठकीत मंजुरी देऊन टाकणे चुकीचे ठरेल, कारण त्यांचे धोके अगदी वेगळे आहेत.

स्वतःच्या नोंदी नीट असलेल्या आणि इशाऱ्यानंतर विद्यार्थ्याशी बोलायला माणसे असलेल्या संस्थेने हे मॉडेल जरूर वापरून पाहावे. पहिले सत्र यादी फक्त शिक्षकांपुरती ठेवावी, तिचा गुणांशी, प्रवेशाशी किंवा शिस्तीच्या कारवाईशी संबंध जोडू नये, आणि चुकीचा इशारा दिसला की त्याची नोंद करण्यास शिक्षकांना वेळ द्यावा. ज्यांच्याकडे जुन्या नोंदी नाहीत, त्यांना मूडलमध्येच साध्या नियमांवर चालणारे इशारे मिळतात. अभ्यासक्रम अद्याप उघडलाच नाही किंवा बरेच दिवस उघडला नाही, एवढेच ते सांगतात. त्यांना प्रशिक्षण लागत नाही, आणि इशारा का आला हे विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येते.