डिजिटल ट्विन की फेडरेटेड लर्निंग?

चार-पाच रुग्णालयांनी मिळून संशोधन करायचं ठरलं की ही दोन नावं एका दमात घेतली जातात. कामं मात्र वेगळी आहेत. डिजिटल ट्विन म्हणजे एका रुग्णाची संगणकातली प्रतिकृती, त्याच्या स्कॅन-तपासण्यांवरून बांधलेली आणि नव्या नोंदींबरोबर बदलत जाणारी. फेडरेटेड लर्निंगमध्ये रुग्णांचा डेटा जागेवरून हलत नाही; मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकणारा संगणकीय प्रोग्रॅम, प्रत्येक रुग्णालयात शिकतं आणि मध्यवर्ती सर्व्हरकडे फक्त शिकलेले आकडे जातात, तिथे ते एकत्र केले जातात.

‘या रुग्णाचा डोस बदलला तर काय होईल?’ हा तुमचा प्रश्न असेल, तर ट्विन. अट एकच, शरीरातली ती यंत्रणा समीकरणांत मांडता आली पाहिजे. टाइप १ मधुमेहात ती बऱ्यापैकी मांडता येते. म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने व्हर्जिनिया आणि पादुआ विद्यापीठांचा सिम्युलेटर इन्सुलिन-नियंत्रणाच्या काही चाचण्यांत प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी मान्य केला. नैराश्यासारख्या आजारात यंत्रणाच धूसर. तिथे ट्विन म्हणून हाती येतो तो बहुधा सांख्यिकी अंदाज.

आजार दुर्मीळ आहे आणि एकाही केंद्राकडे पुरेसे रुग्ण नाहीत, अशा वेळी फेडरेटेडला पर्याय शोधणं कठीण. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ७१ केंद्रांनी ६,३१४ रुग्णांच्या स्कॅनवरून गाठीची सीमा ओळखणारं मॉडेल असंच घडवलं. ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

यातली खरी मेहनत मॉडेलच्या आधीची असते. एका केंद्राची साखर मिलिग्रॅममध्ये, दुसऱ्याची मिलिमोलमध्ये. एकाने रिकाम्या रकान्यात शून्य भरलेलं, दुसऱ्याने तो तसाच सोडलेला. डेटा समोर नसल्याने ही गफलत दिसत नाही, मॉडेल मात्र ती मुकाट्याने शिकतं. प्रत्येक केंद्रात डेटा जाणणारा माणूस नसेल, तर या वाटेला जाऊच नका.

गोपनीयतेबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ‘डेटा बाहेर जात नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. मॉडेल शिकताना पाठवलेल्या आकड्यांवरून मूळ चित्रं परत उभी करता येतात, हे २०१९ मध्येच दाखवलं गेलं. त्यामुळे कोणा एका केंद्राचे आकडे सर्व्हरला सुटे दिसू नयेत अशी सुरक्षित बेरीज हवी, शिवाय डिफरन्शियल प्रायव्हसी, म्हणजे आकड्यांत मोजून मिसळलेला गोंधळ. त्याने अचूकता थोडी घटते आणि लहान केंद्रांना ती झळ जास्त बसते. ट्विनची जोखीम याहून मोठी: नाव पुसलं तरी जनुकं, हृदयाची ठेवण, वर्षांच्या नोंदी मिळून ओळख उरतेच. ट्विन रुग्णाच्या स्वतःच्या रुग्णालयाबाहेर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही हवं असेल, तर क्रम असा ठेवा: सर्वसाधारण मॉडेल फेडरेटेड पद्धतीने घडवा, मग प्रत्येक रुग्णालयाने ते आपापल्या रुग्णाच्या नोंदींवर बेतून ट्विन बांधावा. सुरुवात दोन केंद्रांपासून आणि एकाच मोजमापापासून करा.